गटे (जर्मन आडनाव)

गटे हे एक दुर्मिळ जर्मन आडनाव आहे. आपल्याला ते एकाच माणसामुळे माहीत आहे, जर्मन कवी योहान वोल्फगांग फोन गटे, म्हणजे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला असं शाळेत ज्याच्याबद्दल सांगतात तो. (नाचला वगैरे काही नाही, फोर्स्टरने केलेला जर्मन अनुवाद वाचून १७९१ मध्ये चार ओळींची कविता केली, पण चार ओळी का होईना.) या आडनावाची गंमत अशी की रस्ते, चौक, शाळा, विद्यापीठ, पुतळे सगळ्यांवर ते आहे, फक्त दारावरच्या पाटीवर सहसा सापडत नाही. जर्मनीत एवढं गाजलेलं आणि एवढ्या थोड्या लोकांचं दुसरं आडनाव पटकन आठवत नाही.

मराठीत हे नाव गटे, गेटे, गोएथे, ग्योथे असं काहीही लिहिलेलं दिसतं आणि त्यात कोणाची चूक नाही, कारण तो पहिला स्वर आपल्याकडे नाहीच. ओठ 'ओ' म्हणायला करतो तसे गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं, जे काही बाहेर पडेल ते बरोबर. शिकागोत या नावाचा एक रस्ता आहे, तिथले लोक त्याला सरळ 'गोथी' म्हणतात आणि रिक्षावाल्यालाच काय टॅक्सीवाल्यालाही जर्मन उच्चार सांगून उपयोग नाही.

आडनाव आलं कुठून

जर्मन आडनावं साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात पक्की होत गेली आणि ती बहुतेक चारपाच वाटांनीच आली: बापाचं नाव, धंदा, गाव, राहायची जागा, नाहीतर एखादं टोपणनाव. टोपणनावं कधीकधी भयंकर असतात, गटेचा मित्र शिलर, त्याच्या आडनावाचा मूळ अर्थ 'तिरळा'. गटे हे पहिल्या वाटेने आलेलं समजतात. गॉटफ्रीड, म्हणजे 'देव' आणि 'शांती' असे दोन शब्द जोडून झालेलं नाव, ते घरात हाक मारताना छोटं व्हायचं, गोडो, गोडे, गोटे असं काहीतरी (विष्णूचा विसू होतो तसंच), आणि त्या गोटेच्या पोरांना गावाने तेच आडनाव लावलं. दुसरं एक मत आहे की मधल्या काळातल्या जर्मनमध्ये 'गटे' म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता किंवा धर्मपुत्र, त्यावरून हे टोपणनाव पडलं असेल. आडनावांचे कोश दोन्ही अर्थ देतात आणि माझ्या मते दोन्ही खरे असायला हरकत नाही, एका गावात या कारणाने पडलं, दुसऱ्या गावात त्या कारणाने.

मग प्रश्न पडतो, गॉटफ्रीड तर बऱ्यापैकी चालणारं नाव होतं, मग आडनाव एवढं दुर्मिळ कसं? तर त्या एका नावाची पिल्लं खूप झाली. दक्षिणेकडे त्याचं ग्यॉट्स झालं, पूर्वेकडे ग्यॉफर्ट, उत्तरेकडे गोडेके (१४०० च्या सुमाराला हाम्बुर्गात मुंडकं उडवलेला एक नामांकित समुद्री चाचा होता, गोडेके मिखेल्स, त्याचं हे पहिलं नाव). म्हणजे माल तोच, पोती वेगवेगळी, आणि गटे लिहिलेल्या पोत्यात फार थोडं पडलं. योगायोग बघा, गटेचं पहिलं गाजलेलं नाटक १७७३ चं, त्याचा नायक ग्यॉट्स नावाचा सरदार, म्हणजे लेखकाचं आडनाव आणि नायकाचं नाव दोन्ही एकाच गॉटफ्रीडच्या पोटचे.

नालबंद, शिंपी, वकील

कवीच्या घराण्याचा माग थुरिंगिया भागात जातो. पणजोबा हान्स क्रिस्टियान आर्टर्न गावात नालबंद, घोड्यांच्या टापांना नाल ठोकणारा. त्याचा मुलगा फ्रीडरिश गेओर्ग, जन्म १६५७ चा, कानावुर्फ गावचा, हा शिंपी झाला आणि धंदा शिकत शिकत पार फ्रान्समध्ये ल्यों शहरापर्यंत गेला, जिथे रेशमाचं काम चालायचं. तिथे त्याने आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर एक फ्रेंच तिरकी रेघ मारायला सुरुवात केली. का ते उघड आहे, फ्रेंच माणूस शेवटचा 'ए' गिळतो, रेघ नसती तर याला सगळे 'गट' म्हणून मोकळे झाले असते, शिवाय फॅशनेबल कपडे शिवणाऱ्याला जरा फ्रेंच वाटणारं नाव कधीही फायद्याचंच. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट लोकांना दिलेलं संरक्षण काढून घेतल्यावर हा लुथरपंथी शिंपी तिथून निघाला, फ्रांकफुर्टला आला, १६८७ मध्ये तिथला नागरिक झाला. पुढे १७०५ मध्ये एका श्रीमंत विधवेशी दुसरं लग्न केलं, तिची शहरात मोठी सराय होती, मग सुई बाजूला ठेवली आणि दारूच्या, म्हणजे वाइनच्या, व्यापारात चिक्कार पैसा केला.

त्या पैशावर मुलगा योहान कास्पार वकील झाला आणि याच पिढीत ती फ्रेंच रेघ गेली आणि 'ओ'वरच्या दोन टिंबांच्या (ö) जागी 'ओ' आणि 'ई' (oe) अशी दोन अक्षरं जोडून लिहिणं पक्कं झालं. उच्चार तोच. शिंप्याचं नाव टिंबांचं, वकिलाचं नाव दोन अक्षरांचं. १७४९ मध्ये जन्मलेल्या नातवाने तेच चालवलं आणि १७८२ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने सरदारकी दिल्यावर नावात 'फोन' लागला (हा टेलिफोन नव्हे, तो खाली येतोय).

या आडनावाची टिंगल खुद्द कवीला सहन करावी लागली होती. स्ट्रासबुर्गला असताना हेर्डर नावाचा त्याचा वयाने मोठा आणि जिभेने तिखट मित्र होता, त्याने पुस्तकं मागायला पद्यात चिठ्ठी पाठवली आणि त्यात विचारलं की बाबा तू देवांपासून आलास, गॉथ नावाच्या जुन्या टोळीपासून आलास की चिखला-शेणातून? जर्मनमध्ये हे तिन्ही शब्द गटेच्या आसपास वाजतात म्हणून तो विनोद. गटेला तो लागला, इतका की चाळीसएक वर्षांनी आत्मचरित्रात लिहिताना सुद्धा सोडला नाही, तिथे तो म्हणतो की माणसाचं नाव म्हणजे अंगावर नुसता टाकलेला झगा नाही की कोणी यावं आणि ओढावं, ते अंगाला बेतून शिवलेल्या कपड्यासारखं असतं, किंबहुना कातडीसारखं अंगावर वाढलेलं, खरवडलं की माणसालाच जखम होते. शिंप्याच्या नातवाला कपड्याची उपमा सुचावी हे मला फार आवडतं.

घराणं संपलं

गटे आणि क्रिस्टियाने वुल्पिउस यांना पाच मुलं झाली, जगला एकच, आउगुस्ट, जन्म १७८९. आईबापांचं लग्न झालं १८०६ मध्ये, त्यामुळे पोरगं जन्मलं तेव्हा आईच्या आडनावाचं होतं. (वुल्पिउस म्हणजे लॅटिनमधला कोल्हा, मूळ साधं जर्मन 'फुक्स' असलेल्या घराण्यांनी विद्वान दिसायला असं लॅटिन रूप घ्यायची जुनी फॅशन होती.) हा आउगुस्ट १८३० मध्ये रोमला गेला आणि तिथेच वारला, बाप अजून जिवंत. रोमच्या प्रोटेस्टंट दफनभूमीत त्याचा दगड आहे, त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की गटे, पुत्र, पित्याच्या आधी गेला, वय चाळीस, साल १८३०. बस. त्याचं स्वतःचं नाव त्या दगडावर कुठेच नाही. दुर्मिळ आडनावाचा भार काय असतो ते बघायचं असेल तर एवढा एक दगड पुरे.

आउगुस्टला तीन मुलं होती. आल्मा सतराव्या वर्षाच्या आतच गेली, वोल्फगांग १८८३ मध्ये, वाल्टर १८८५ मध्ये, तिघांपैकी कोणाचंच लग्न झालं नाही. वाल्टरबरोबर कवीचा वंश संपला, म्हणजे आज जर्मनीत कोणी गटे आडनावाचा भेटला तर तो फार फार तर चुलत घराण्यातला किंवा सरळ दुसऱ्याच कुठल्यातरी गोटेचा वंशज, थेट पणतू-खापरपणतू नक्की नाही. कवीची बहीण कोर्नेलिया, तिच्या बाजूने रक्त पुढे चाललं, पण ती श्लोसरच्या घरी गेली, तिच्या मुलीचं लग्न झाल्यावर निकोलोविउस झालं, आडनाव काही चाललं नाही. तेव्हाच्या पद्धतीत मुलगी आडनाव पुढे नेऊच शकत नव्हती. पश्चिम जर्मनीत नवराबायकोने बायकोचं आडनाव घ्यायची सोय १९७६ च्या कायद्याने आली, आणि १ मे २०२५ पासून तर दोघांनाही जोडआडनाव घेता येतं, मुलांनाही लावता येतं. दुर्मिळ आडनावांसाठी हे बरंच झालं, दीडशे वर्षं उशिरा.

आडनावं अशी का विझतात याचं गणितसुद्धा त्याच काळात झालं. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन या दोघांनी १८७४ मध्ये हिशेब मांडला की दर पिढीत प्रत्येक पुरुषाला सरासरी एकच मुलगा होत असेल तर आज ना उद्या प्रत्येक आडनाव संपणार, फक्त ज्याच्याकडे डोकी जास्त तो उशिरा संपणार. गटेच्या घरात डोकी कमी होती, एवढीच गोष्ट.

आज किती

आता टेलिफोन. जर्मनीत आडनावं मोजायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे लँडलाइनची यादी. आडनावांच्या मोठ्या जर्मन अॅटलासने आणि माइन्त्सच्या अकादमीच्या डिजिटल कोशाने २००५ चा डेटा पाया म्हणून घेतला, सुमारे २ कोटी ८० लाख घरगुती कनेक्शनं आणि त्यात साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं. २००५ च का, तर त्यानंतर लोक लँडलाइन काढायला लागले आणि मोबाइल काही डिरेक्टरीत छापत नाहीत. एक कनेक्शन म्हणजे एक घर, त्यामुळे माणसं काढायला आकड्याला साधारण तीनने गुणतात. या यादीत म्युलर पहिला, अडीच लाखांवर कनेक्शनं, म्हणजे सात लाखांच्या घरात माणसं. म्युलर म्हणजे पिठाची गिरणीवाला, गावोगाव गिरणी, गावोगाव म्युलर, जर्मनीत दगड भिरकावला तर म्युलरलाच लागायचा. गटे त्या यादीत म्युलरच्या खूपच खाली.

मोजताना एक गोची मात्र आहे. टिंबांचं गटे आणि दोन अक्षरांचं गटे ही कायद्याने दोन वेगळी आडनावं, एकाने दुसऱ्यासारखी सही केली तर चालत नाही, पण फोन डिरेक्टरी लावायच्या जर्मन नियमात टिंबांचा 'ओ' हा 'ओ-ई' समजूनच क्रम लावतात, त्यामुळे दोघं एकमेकांत मिसळून बसतात. पासपोर्टची तर आणखी मजा. फोटोच्या पानावर वर टिंबांचं नाव नीट छापलेलं असतं, आणि खाली मशीन वाचतं त्या दोन ओळी असतात ना, बाणांसारख्या खुणांच्या, तिथे टिंबं चालत नाहीत, म्हणून तिथे 'ओ-ई' येतं. म्हणजे टिंबवाला गटे विमानतळाच्या मशीनपुढे पासपोर्ट धरतो तेव्हा त्याचं स्पेलिंग कवीसारखं होतं, तेही सरकारी खर्चाने. आकडे बघताना म्हणूनच आधी विचारावं की कुठल्या गटेचे.

स्पेलिंगमधला 'टी-एच' सुद्धा असाच जुना अवशेष आहे. १९०१ च्या स्पेलिंग सुधारणेत अस्सल जर्मन शब्दांतला हा फालतू 'एच' काढून टाकला, दरीसाठीच्या शब्दातला, दारासाठीच्या शब्दातला, सगळ्यांतला गेला, आडनावांना मात्र हात लावला नाही. १८७६ पासून अख्ख्या जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंदणी सुरू झाली होती, आणि रजिस्टरात एकदा जे चढलं ते चढलं.

आवडलं म्हणून अर्ज करून हे आडनाव घेता येईल का? जवळपास नाहीच. जर्मनीत आडनाव बदलायला सबळ कारण लागतं. फार कॉमन आडनाव असणं हे मान्य कारण आहे, म्युलर, श्मिट, मायर यांना त्या जोरावर अर्ज करता येतो, पण ज्या आडनावाला आधीच्या माणसांमुळे मोठं महत्त्व आलंय ते आडनाव अर्जदाराला सहसा देऊ नये असं त्याच नियमांत आहे. म्युलरमधून बाहेर पडा, पण गटेमध्ये शिरू नका.

आपल्याकडे मात्र नेमकं उलटं झालंय. जर्मन शिकवणारी, कार्यक्रम करणारी जी संस्था जगभर गटेच्या नावाने चालते, १९५१ ची, म्युनिकची, तिला भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणतात. पुण्यात मॅक्स म्युलर, मुंबईत काळा घोड्याला मॅक्स म्युलर. जर्मनीतलं एक दुर्मिळ आडनाव काढून आपण पाटीवर त्यांचं सगळ्यात कॉमन आडनाव लावलं, ऋग्वेदाची आवृत्ती काढणाऱ्या, पण भारतात एकदाही न आलेल्या माणसाचं. आणि त्या माणसालाही नुसतं म्युलर म्हणजे अगदीच कोणीही वाटायचं, म्हणून त्याने मधलं 'मॅक्स' उचलून आडनावातच घातलं आणि आयुष्यभर सही केली 'एफ. मॅक्स म्युलर'.