रविवारी जास्त दुखणारी कंबर

मुंबईत कंबरदुखीचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. लोकलची गर्दी, रस्त्यांवरचे खड्डे, ऑफिसातली खुर्ची, घरातली जुनी गादी, यांपैकी एक तरी हाताशी असतेच. म्हणूनच पंचविशीतला एखादा मुलगा पहाटे चारला आखडलेल्या कमरेने जागा होतो, घरातल्या घरात येरझाऱ्या घालतो, पाठीवर गरम पाणी घेतल्यावर जरा सैल होतो आणि बदलापूरहून उभ्याने प्रवास करून दादरला उतरेपर्यंत बऱ्यापैकी मोकळा झालेला असतो, या क्रमातली विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. साधी लचक असती, तर गर्दीत उभे राहून ती वाढली असती आणि रविवारी लोळून उतरली असती. याची कंबर मात्र रविवारीच जास्त दुखते.

विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी हे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे सर्वांत बोलके लक्षण आहे. हा मणक्यांचा दाहक संधिवात असून तो बहुधा पंचेचाळिशीच्या आत, पुष्कळदा विशीतच सुरू होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा येथे स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात होते ती पाठकणा आणि कटी यांना जोडणाऱ्या, कमरेच्या दोन खळग्यांपाशी असलेल्या सांध्यांत. नितंबात आलटून पालटून येणारी कळ तिथलीच असते. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागा सुजतात आणि ही सूज ओसरताना शरीर तिथे नवे हाड घालते. मणक्यामणक्यांमध्ये असे पूल तयार झाले की काही रुग्णांचा पाठकणा एक्स-रेवर पेरे असलेल्या बांबूसारखा दिसतो. असा कणा बळकट वाटला तरी ठिसूळ असतो आणि किरकोळ पडण्यानेही मोडू शकतो.

एक्स-रेवर हे बदल उमटायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर कित्येकांचा शोध थांबतो. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज त्याआधीच दिसू शकते. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये उजेडात आला. युरोपीय वंशाच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये ते आढळते. तरीही ते असणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार कधीच होत नाही, तेव्हा केवळ तो रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नाही. महागड्या तपासण्यांच्या या काळात मला विशेष वाटते ते शिंप्याच्या टेपचे. डॉक्टर कमरेच्या खळग्यांच्या रेषेपासून १० सेंटीमीटर वर आणि ५ सेंटीमीटर खाली पेनाने खुणा करतात आणि गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगतात. निरोगी तरुणाच्या पाठीवर या दोन खुणांमधले १५ सेंटीमीटरचे अंतर वाकल्यावर २० किंवा त्याहून जास्त भरते. कणा ताठरला असेल तर ते जेमतेम वाढते.

उपचारांत दाहशामक गोळ्या आणि रोजचा व्यायाम यांना पहिले स्थान आहे, आणि व्यायाम हा येथे जोडीचा सल्ला नसून औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कण्याचे नुकसान अधिक झालेले दिसते. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा मणक्याला फारसा उपयोग होत नाही. दाहशामक गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या की टीएनएफ नावाचे दाह पेटवणारे प्रथिन रोखणारी अदालिमुमॅबसारखी इंजेक्शने दिली जातात.

या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाची चाचणी करायला सांगितली की रुग्ण बुचकळ्यात पडतो. दुखते कंबर आणि तपासायची टीबी! पण मुंबईसारख्या शहरात क्षयाचे जंतू खोकला नसलेल्या कितीतरी निरोगी माणसांच्या शरीरात झोपून असतात. संरक्षक पेशी त्यांच्याभोवती गाठीसारखे कुंपण घालतात आणि ते कुंपण टिकवून धरण्याचे काम हेच टीएनएफ करते. ते रोखले की कमरेतला दाह शमतो खरा, पण कुंपणही खिळखिळे होऊन जुना जंतू जागा होऊ शकतो. सुप्त संसर्ग आढळला तर आधी प्रतिबंधक औषधे सुरू करतात आणि काही आठवड्यांनी इंजेक्शन देतात. इंटरल्युकिन-१७ हे दाह वाढवणारे दुसरे प्रथिन रोखणाऱ्या सेक्युकिनुमॅबसारख्या औषधांत ही भीती कमी असली, तरी तपासणी त्यांच्याही आधी होते.

हा आजार पाठीपुरता राहत नाही. रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला किंवा त्याहून अधिक जणांना कधी ना कधी डोळ्याच्या आतल्या भागाचा दाह होतो. पावसाळ्यात मुंबईत डोळ्यांची साथ येते, त्यामुळे लाल डोळा दिसला की ‘डोळे आले’ असे म्हणून घरातलेच थेंब घातले जातात. पण येथे बहुधा एकच डोळा लाल होतो, त्यातून चिकट स्राव येत नाही, तो ठणकतो आणि उजेड सहन होत नाही. अशा डोळ्यावर लवकर उपचार झाले नाहीत तर दृष्टीला धोका असतो. गादी आणि खुर्ची बदलून झालेल्या काही रुग्णांना ‘पहाटे कंबर आखडते का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.