नेमकी लागते खरी, पण आत जाऊन काय करते? मॅच गोळी आणि शिकारीचं गणित

बेळगावात बंदुकीचा विषय कुठंही निघतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथंच, त्यामुळं खानापूर म्हणा निपाणी म्हणा, चहाच्या हॉटेलात एखादा रिटायर्ड हवालदार भेटणारच, आणि जंगलाकडच्या गावात आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी अजून चवीनं सांगतात. अशाच एका मामांनी मला विचारलेलं, "मॅचची, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेची, गोळी पाचशे मीटरवर ताटलीएवढ्या जागेत बसते, मग शिकारीला ती नको का म्हणतात ओ?"

आधी एक सांगतो, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे, भीमगडातल्या गव्याच्या वाट्याला गेलात तर जेलच. गोळी जनावरात शिरून काय करते ह्याच्या टेस्ट अमेरिका, न्यूझीलंडसारख्या देशातल्या, जिथं लायसन काढून हरीण, एल्क (मोठ्या जातीचं हरीण) मारतात. आपण त्यातलं सायन्स बघायचं.

मॅच गोळी बनते कागदाच्या टार्गेटसाठी. वर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ जॅकेट, आत शिसं. साध्या फौजी गोळीत शिसं बुडाकडनं भरतात, मॅच गोळीत टोकाकडनं, म्हणजे बूड बंद आणि एकसारखं गोल राहतं. नळीतनं सुटताना गॅसचा सगळा जोर बुडावर असतो, ते जरा जरी वाकडं असलं की गोळी तिरकी ढकलली जाते आणि नेम गेला. टोकाला जे बारीक भोक दिसतं, जेमतेम मिलिमीटरभर, ते ह्या भरण्याच्या पद्धतीमुळं उरलेलं असतं, गोळी फुलावी, म्हणजे टोक पसरून रुंद व्हावं, म्हणून मुद्दाम ठेवलेलं नसतं. लोकांची गल्लत इथंच होते, भोक दिसलं की म्हणतात ही हॉलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाची, आत जाऊन फुलणार. ह्याच भोकावरनं वकिलांचंही डोकं फिरलंय. फुलणाऱ्या गोळ्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी बनवल्या, दमदम गोळी म्हणतात ती हीच, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं लढाईत त्या बंद केल्या. मग अमेरिकन स्नायपरनी मॅच गोळी वापरायची का नाही असा प्रश्न आला, तेव्हा १९९० मध्ये त्यांच्या लष्करी वकिलांनी लिहून दिलं की हे भोक फुलण्यासाठी नाही, सबब चालेल.

शिकारीची गोळी बरोबर उलटी. टोक मऊ शिशाचं किंवा प्लॅस्टिकचं, जॅकेट पुढं पातळ मागं जाड, म्हणजे पुढचा भाग फुलतो आणि मागचा दांडका खोल शिरत राहतो. जॉन नॉस्लर म्हणून एक अमेरिकन शिकारी होता, मोठ्या मूसवर (तिकडचं धिप्पाड हरीण) त्याची गोळी वरच्यावरच फुटली, म्हणून त्यानं १९४० च्या दशकात गोळीच्या मधोमध तांब्याची भिंत घातली, पुढचं शिसं उडालं तरी मागचं शाबूत. ही पार्टिशन गोळी अजून विकली जाते.

आता मॅच गोळी मांसात शिरली की काय होतं बघा. .३०८ ची (हे काडतुसाचं माप) १६८ ग्रेनची गोळी, म्हणजे वजनानं साधारण ११ ग्रॅम, सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास सुटते, आणि नळीच्या आतल्या खाचांचा पीळ बारा इंचाला एक फेरा असा असला तर मिनिटाला दीड लाखाच्या वर गिरक्या घेत. ह्या गिरक्यांमुळं ती हवेत सरळ राहते. पण मांस जवळपास पाण्याएवढं घट्ट, म्हणजे हवेच्या आठशे पट, तिथं ती गिरकी कुठं पुरणार. गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त, त्यामुळं ती आडवी होऊन उलटायला बघते, आणि आडवी होताना पातळ जॅकेट फाटलं तर शिशाच्या चिंध्या होऊन मोठी जखम होते. पण फाटलं नाही, आणि उलटायच्या आधीच गोळी पलीकडनं निघून गेली, तर पेन्सिल खुपसल्यासारखं भोक, आणि जनावर जखमी होऊन लांब कुठंतरी जाऊन तडफडून मरतं. तिसरी गत म्हणजे जवळनं मारली, स्पीड जास्त, खांद्याचं हाड लागलं आणि गोळी वरच फुटली. एकाच डब्यातल्या गोळ्या ह्या तिन्ही गोष्टी करू शकतात आणि खरी भानगड तीच आहे.

टेस्ट करतात बॅलिस्टिक जिलेटिनवर, म्हणजे मांसाच्या जागी वापरायच्या जेलीच्या ठोकळ्यावर. एक किलो जिलेटिन पावडर, नऊ किलो पाणी, ठोकळा पाडून चार डिग्रीवर थंड करायचा. अमेरिकन आर्मीतले सर्जन मार्टिन फॅकलर ह्यांनी १९८० च्या दशकात ही दहा टक्क्यांची रीत पक्की केली. ठोकळा बरोबर जमलाय का हे आधी तपासायचं, साडेचार मिलिमीटरचा स्टीलचा छर्रा सेकंदाला १८० मीटरनं मारायचा, तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबला पाहिजे. जास्त गेला तर जिलेटिन ढिलं आहे, पुढचे आकडे कचऱ्यात. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात फ्रिजमधनं काढलेला ठोकळा किती वेळ टिकेल तुम्हीच सांगा.

यूट्यूबवर स्लो मोशनमध्ये ठोकळा फुगतो तो सीन सगळ्यांना आवडतो. विहिरीत धोंडा टाकल्यावर पाणी कसं फाकतं आणि परत मिटतं, तशी ती तात्पुरती पोकळी असते. फुफ्फुस लवचिक, ते बरंच सोसतं, लिव्हर सोसत नाही. माझ्या मते बघायचं ते कायमचं भोक, गोळी किती खोलवर फाटायला लागली, आणि थांबली तेव्हा वजन किती उरलं.

लांबच्या अंतराची टेस्ट त्याहून किचकट. पाचशे मीटरवर ह्या गोळीची एनर्जी सुटतानाच्या निम्म्याहून कमी उरते. तितक्या लांबनं ठोकळ्यावर मारणं अवघड, म्हणून बरेच जण काडतुसात दारू कमी भरून जवळनंच मारतात, पोचतानाचा स्पीड जुळला की झालं. पण झालं नाही ना! खऱ्या पाचशे मीटरच्या प्रवासात स्पीड पटापट उतरतो, गिरकी मात्र फारशी उतरत नाही, आणि कमी दारूच्या गोळीत दोन्ही मुळातच कमी. म्हणजे स्पीड सारखा असला तरी गिरकी वेगळी, आणि जॅकेट फाटायला गिरकीचाही हातभार लागतो. असल्या टेस्टवरनं "चारशे मीटरवर फुलत नाही" असं छातीठोक सांगणाऱ्यांवर मी तरी लगेच विश्वास ठेवत नाही.

शिवाय जिलेटिनला कातडं नाही, बरगडी नाही, चिखलात लोळून वाळलेली केसं नाहीत. म्हणून काहीजण पुढं चामडं आणि हाड लावून मारतात, पण हाड प्रत्येक वेळी वेगळं, मग एका गोळीवरनं काय कळणार, दहा मारा आणि त्यातली सगळ्यात वाईट कशी गेली ते बघा. ॲव्हरेज इथं कामाचं नाही, कारण जनावराला ॲव्हरेज गोळी लागत नाही.

मॅच गोळीनं हरणं व्यवस्थित पडतात असं सांगणारे अनुभवी शिकारीही भरपूर आहेत आणि ते काही खोटं बोलत नाहीत, मध्यम आकाराचं जनावर, बरगडीतनं फुफ्फुसात गेली तर फुटणारी गोळी झटकन काम करते. पण गव्यासारखं धूड, हजार किलोपर्यंत भरणारं, वर खांद्याचं जाड हाड, तिथं खोलीच पाहिजे. मामांना मी हेच सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे नेम माझा आणि नशीब गोळीचं म्हण की."

फुटणाऱ्या गोळीचं शिसं जातं कुठं हाही प्रश्न आहेच. बारीक कण मांसात जखमेपासनं बरेच लांबपर्यंत पसरतात, आणि जंगलात टाकून दिलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडं शिशाच्या विषानं मरायला लागली. शेवटी त्या राज्यानं १ जुलै २०१९ पासनं शिकारीला शिशाची गोळीच बंद केली. आता तिथं शिकारीसाठी अख्ख्या तांब्याच्या गोळ्या वापरतात, त्या फुलतात पण सहसा तुटत नाहीत.