वीस फुटांचा पीळ

माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. गेल्या महिन्यात मित्रांसोबत फिरायला जाताना त्याने मोटरहोम भाड्याने घेतली होती. एका रात्री (त्याच्याकडे सकाळ) त्याचा फोन आला. "मामा, नळाची जोडणी पलीकडच्या बाजूला आहे. गाडी फक्त वीस फूट पुढे घ्यायची आहे. पण बाहेर काढलेली खोली आत घ्यायची म्हणजे सगळा पसारा आवरावा लागतो. तशीच हळूच नेली तर गाडी उलटेल का हो?"

मी लातूरला तंत्रनिकेतनात बरीच वर्षं यामिकी (मेकॅनिक्स) शिकवली आहे. प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला, कारण त्यातली भीती चुकीच्या गोष्टीची होती आणि खऱ्या धोक्याचा त्यात उल्लेखच नव्हता.

आधी मोटरहोमबद्दल थोडं. बसच्या किंवा ट्रकच्या चासीवर बांधलेलं हे चालतं घर असतं. आपल्याकडे २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा शब्द आता ओळखीचा झाला आहे. रस्त्यावर गाडी किती रुंद असावी याला कायद्याची मर्यादा असते. भारतात ती २.६ मीटर आहे, अमेरिकेतही जवळपास तेवढीच, म्हणजे १०२ इंच. एवढ्या रुंदीत पलंग, सोफा, ओटा सगळं बसवलं की माणसाला चालायला जागा उरत नाही. म्हणून भिंतीला मोठं भगदाड पाडून त्यात एक पेटीसारखी खोली बसवतात. मुक्कामाला पोचल्यावर बटण दाबलं की मोटर आणि दातेरी पट्टीच्या जोरावर ती खोली काडेपेटीच्या खणासारखी बाहेर सरकते. तिला स्लाइड-आउट म्हणतात.

आता उलटण्याचं बघू. गाडीचं वजन ९,००० किलो धरा आणि सोफ्यासकट बाहेर सरकलेली खोली ४०० किलोची. ही खोली ९० सेंटिमीटर बाजूला गेली, तर संपूर्ण गाडीचा गुरुत्वमध्य किती सरकेल? ४०० गुणिले ९० भागिले ९,०००, म्हणजे फक्त ४ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या चाकांत जवळपास दोन मीटर अंतर असताना हे ४ सेंटिमीटर काहीच नाहीत. सपाट जागेवर माणसाच्या चालीने नेली तर गाडी उलटणार नाही.

तरीही मी त्याला सांगितलं, "खोली आत घे." का, ते सांगायला मला ट्रॅक्टरपासून सुरुवात करावी लागेल.

नांगरटीच्या रानात ट्रॅक्टर चालताना समोरून नीट बघा. पुढचं एक चाक ढेकळावर चढतं, दुसरं तासात उतरतं, पुढचा आख चांगलाच तिरपा होतो, पण इंजिन आणि बॉनेट त्याच्याबरोबर तेवढं कलत नाही. कारण तो आख मध्यभागी एकाच खिळीवर बसवलेला असतो आणि तिच्याभोवती झुलतो. म्हणजे चाकं चार असली तरी ट्रॅक्टरचं धड तीनच ठिकाणी टेकलेलं असतं: मागची दोन चाकं आणि पुढची ती खिळी. तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमी जातं, म्हणून तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही. बैलगाडीचंही तेच आहे, दोन चाकं आणि एक जू. आपल्या रानातल्या वाहनांना जमीन कितीही वेडीवाकडी असली तरी पीळ बसत नाही.

मोटरहोमला चार कोपरे आणि चार टेकू. चौथा कोपरा बाकी तिघांच्या प्रतलात नसेल, तर गाडीला पिळून घेण्यावाचून गत्यंतर नाही. त्यातला बराचसा पीळ स्प्रिंगा आणि टायर खातात, पण उरलेला चासीत आणि तिच्यावरच्या घरात शिरतो. ट्रकची चासी शिडीसारखी असते आणि थोडं पिळावं अशीच ती बनवलेली असते. घर मात्र पेटीसारखं असतं आणि पेटीला पिळणं आवडत नाही. खडतर वाटांवर जाणाऱ्या उनिमोग ट्रकवर घर बांधताना हीच अडचण ओळखून ते चासीवर तीन-चार झुलत्या टेकूंवर बसवतात. ही ट्रॅक्टरच्या खिळीचीच युक्ती.

आता पेटीला पीळ का आवडत नाही, हे मला जरा सविस्तर सांगू द्या. यामिकीत मला याच्याइतकं सुंदर दुसरं काही वाटत नाही.

चपलांचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारा. दोन टोकं दोन हातांत धरून कपडा पिळतो तसा पिळून बघा. तो दाद देत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. तोच खोका पापडासारखा वळतो. पुठ्ठा तेवढाच जाड आहे, गेली ती फक्त एक बाजू.

शेतातल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर हा फरक आकड्यांत मांडता येतो. पाइपची त्रिज्या ५० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी २.५ मिलिमीटर धरा. त्याला टोकापासून टोकापर्यंत हॅकसॉने एक उभी चीर पाडली, तर पिळाला होणारा विरोध किती पटींनी घटतो? त्रिज्येला जाडीने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला तीनने गुणा. ५० भागिले २.५ म्हणजे २०, वर्ग ४००, तिप्पट १,२००. एका चिरेने पाइप पिळायला बाराशे पटींनी मऊ होतो! प्लॅस्टिक कमी झालं ते फक्त करवतीच्या पात्याच्या जाडीएवढं.

असं का? हात धरून फेर धरलेल्या मुली आठवा. एकीने ओढलं की तो ओढा शेजारणीच्या हातातून पुढे, आणखी पुढे, असा फिरून पहिलीपर्यंत येतो. पाइपच्या भिंतीत पिळाचं कातरबल, म्हणजे शेजारच्या भागांना एकमेकांवरून सरकवू पाहणारं बल, असंच गोल फिरतं. ते मध्यापासून ५० मिलिमीटर लांब असल्यामुळे त्याला तरफेची भुजा ५० मिलिमीटरची मिळते. चीर पाडली की एका ठिकाणी हात सुटतो. आता बलाला पूर्ण फेरा मारता येत नाही. चिरेपाशी येऊन ते भिंतीच्या जाडीतच मागे वळतं: बाहेरच्या पृष्ठभागावर एका दिशेने, आतल्या पृष्ठभागावर उलट दिशेने. त्यामुळे भुजा उरते ती जाडीएवढीच, अडीच मिलिमीटरच्या आतली. एवढ्याशा भुजेने पिळाला विरोध तो किती होणार? बंद नळीत पिळाचा हा हिशेब जर्मन अभियंता रुडोल्फ ब्रेट याने १८९६ मध्ये मांडला. आजही बसचा सांगाडा आणि विमानाचा पंख आखताना तो वापरतात.

मोटरहोमच्या भिंतीतलं भगदाड टोकापासून टोकापर्यंत नसतं, त्यामुळे तिथे बाराशे पट वगैरे होत नाही. दहा मीटरच्या गाडीत ते साडेतीन-चार मीटर लांब असेल. बल त्याला वळसा घालून वरच्या आणि खालच्या पट्ट्यांतून जातं, त्या पट्ट्या वाकतात आणि सगळा भार भगदाडाच्या चार कोपऱ्यांवर गोळा होतो. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं हवेत फुटली. तिथे कारण पीळ नव्हतं, आतल्या हवेचा दाब होता. पण पाण्याच्या टाकीत विमान बुडवून, दाब पुन्हा पुन्हा देऊन चाचणी केली तेव्हा तडा खिडकीसारख्या एका चौकटीच्या कोपऱ्यापासूनच निघाला.

आणि हे बघायला विमानापर्यंत जायची गरज नाही. मराठवाड्यात काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंती बघा. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. घराखाली ती सगळीकडे सारखी फुगत नाही. ज्या कोपऱ्याशी मोरीचं पाणी मुरतं, तो कोपरा उचलला जातो. म्हणजे घराचा चौथा कोपरा प्रतलाबाहेर गेला! मग तडे जातात कुठे? खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून, तिरपे. परभणीपासून धाराशिवपर्यंत असे तडे मी शेकडो घरांत पाहिले आहेत. अशा घरात वास्तुदोष आहे म्हणून दाराची दिशा बदलायला लावणारी माणसं मला भेटली आहेत आणि त्यांच्या सांगण्यावरून चांगली भिंत पाडून पैसा घालवणारी कुटुंबंही. त्या पैशात मोरीचं पाणी लांब काढलं असतं आणि घराभोवती फरशीचा पट्टा घातला असता, तर तडा वाढायचा थांबला असता. दोष मातीत आणि पाण्यात आहे, आणि त्यावर उपाय आहे.

एक शंका कुणी काढेल. खोली आत असली तरी भगदाड तेवढंच असतं, मग फरक काय? फरक वजनाच्या जागेचा. खोली आत असते तेव्हा तिचे ४०० किलो फरशीमार्फत चासीवर बसलेले असतात आणि तिची बाहेरची कड भिंतीला घट्ट बसलेली असते. बाहेर काढल्यावर तेच ४०० किलो छज्ज्यासारखे लोंबतात. वजनाचा मध्य भिंतीपासून सुमारे ४५ सेंटिमीटर बाहेर धरला, तर हे एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला १८० किलो टांगण्यासारखं झालं, म्हणजे तीन माणसं. हा भार येतो तो नेमका भगदाडाच्या खालच्या कडेवर. घराचा हाच भाग सगळ्यात दुबळा.

आता मुक्कामाला गाडी समतल करायला मागच्या एका चाकाखाली १० सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा घातला होता आणि चाक त्यावरून खाली उतरतंय असं समजा. पिळातला एक दशांश जरी घरात शिरला, तरी माझ्या ढोबळ हिशेबाने त्या कडेचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळपास ४ मिलिमीटर वर-खाली होतं. खोली ज्या दोन रुळांवर लोंबते, त्यांतल्या एकावर वाजवीपेक्षा जास्त भार येतो आणि दातेरी पट्टीचे दाते गिअरमध्ये नीट बसत नाहीत. भरीला चाक धप्पकन उतरतं. स्प्रिंगच्या काट्याला पिशवी एकदम सोडली तर काटा खऱ्या वजनाच्या दुपटीपर्यंत जाऊन मग मागे येतो. तसेच त्या क्षणी रुळांवर ४०० किलोंपेक्षा बरेच जास्त किलो असतात. पुढे बटण दाबल्यावर एक बाजू पुढे, एक मागे, अशी खोली तिरपी अडकते. जुन्या लाकडी कपाटाचा खण अडकतो तशी.

"वीसच फूट" या शब्दांत नेमकी इथेच चूक आहे. धातू दोन तऱ्हांनी हार मानतो. एक, थकून: तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो तसा. त्यात अंतराला अर्थ आहे, हजार किलोमीटर वीस फुटांपेक्षा नक्कीच वाईट. दुसरी तऱ्हा एकाच फटक्याची. तिच्या सूत्रात अंतर येतच नाही. आणि मोटरहोमला सगळ्यात मोठा पीळ बसतो तो ठोकळ्यावरून उतरताना, म्हणजे पहिल्या दोन फुटांतच.

पक्क्या, सपाट काँक्रीटवर खोली बाहेर ठेवून चार-सहा फूट गाडी सरकवणारे लोक आहेत आणि त्यांचं काही बिघडत नाही. तिथे चारही चाकं एका प्रतलात राहतात, म्हणून. पण गाडीसोबतच्या पुस्तिकेत मनाई असेल तर ती पाळावी. मोटर बंद पडली तर पाना लावून हाताने आत घेण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते, आधी ती शोधावी. खोली अडकलीच असेल आणि गाडी हलवणं भाग असेल, तर तिच्यातलं सामान आधी उतरवावं, खाली लावलेले टेकू काढावेत, चाकांच्या वाटेवरचा दगड-खड्डा बघून घ्यावा आणि वळण न घेता सरळ, पावलापावलाने न्यावं. एक माणूस बाहेर उभा हवाच.

भाच्याला हे सांगून झाल्यावर मला ते ४ मिलिमीटर स्वस्थ बसू देईनात. लातुरात मोटरहोम मिळायची नाही. पण आमच्या कॉलनीच्या वळणावर एक वडापावची गाडी लागते, छोट्या टेम्पोवर पत्र्याची पेटी आणि एका बाजूला काउंटरसाठी कापलेलं लांब भगदाड. तिचा मालक मला नेहमी सांगायचा, "सर, रोज रात्री झडप नीट लागती, आन् कवाकवा कडीच बसंना बघा." दुसऱ्या दिवशी मी सूत आणि मीटरपट्टी घेऊन गेलो. गवंडी चौकट काटकोनात आहे का हे बघायला दोन्ही कर्ण मोजतो, तसे मी त्या भगदाडाचे मोजले. गाडी सपाट रस्त्यावर असताना दोन्ही सारखे भरले. मग त्याने मागचं एक चाक फूटपाथच्या कडेवर चढवलं. मी पुन्हा सूत ताणलं. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ५ मिलिमीटर लांब. त्याने झडप खाली ओढली, कडी खाचेच्या वरच राहिली. चाक खाली घेतलं आणि कडी खट्‌कन बसली.

"म्हंजी गाडी कुठं लावली त्याच्यावर हाय व्हय हे," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा चाक वर चढवून कडी लावून पाहिली.