नव्या रिव्हॉल्व्हरची माशी आणि मिलिमीटरचा दहावा भाग

कोल्ट कंपनीने 1873 साली अमेरिकी सैन्यासाठी सहा गोळ्यांचे जे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर तयार केले, त्याच घाटाची शस्त्रे तिकडे आजही नव्याने घडवली जातात आणि नेमबाजीच्या मैदानांवर हौसेने वापरली जातात. अशा शस्त्राची पेटी उघडल्यावर जाणकार मालक पहिल्या दिवशी गोळी झाडण्याची घाई करीत नाही. चक्र, म्हणजे गोळ्यांची सहा घरे असलेला फिरता भाग, रिकामे असल्याची खात्री करून तो भिंग, व्हर्नियर (बारीक मापे घेणारी मोजपट्टी) आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) घेऊन बसतो, कारण कारखान्यातून निघालेली वस्तू चालण्याजोगी असली तरी बारकाईने पुरी झालेली असतेच असे नाही.

सर्वांत साधा दोष म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली ‘बर’. कापणारे हत्यार पोलादाच्या कडेपाशी पोचते, तेव्हा शेवटचा पातळ थर कापला जाण्याऐवजी बाहेरच्या बाजूला दुमडतो, कारण त्याला मागून आधार देणारा धातूच उरलेला नसतो. लेथवर काम केलेल्या प्रत्येकाच्या बोटाला ही करवतीसारखी धार ठाऊक असते. रिव्हॉल्व्हरमध्ये ती चक्राच्या खाचांवर, पट्टीच्या कडांवर किंवा चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत राहते. वापराने ती झिजते हे खरे, पण झिजताना सुटलेले कण यंत्रणेत फिरत राहतात. बारीक दाण्याचा दगड तेल लावून दोनचार वेळा फिरवला की ती निघते, आणि एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे असते. चाप (ट्रिगर) आणि घोडा (काडतुसावर आदळणारा हॅमर) जिथे एकमेकांत अडकतात, ती कड गुळगुळीत करण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे पोलादाचा फक्त वरचा पातळ थर कठीण केलेला असू शकतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो, कड लवकर झिजते आणि ताणलेला घोडा धक्क्याने सुटण्याची भीती निर्माण होते. हे काम कारागिराचेच आहे. भारतात तर 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाच परवाना लागतो.

यापेक्षा लपलेले दोष नळीत आणि चक्रात असतात. फिरणारे चक्र आणि स्थिर नळी यांच्यामध्ये साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. ती फार कमी असेल तर काजळी साचून चक्र अडते आणि फार जास्त असेल तर वायू व शिशाचे कण बाजूने जोरात उडतात. चक्राच्या सहाही घरांची तोंडे एकाच मापाची असायला हवीत. शिशाची गोळी अरुंद तोंडातून दाबली जाऊन बाहेर पडली, तर ती पुढे नळीच्या पेऱ्यांत, म्हणजे आतल्या सर्पिल खाचांत, सैल बसते, तिच्या कडेने तप्त वायू निसटतो आणि नळीच्या आत शिशाचा लेप चढत जातो. आट्यांनी चौकटीत घट्ट पिळून बसवलेली नळी त्या जागी किंचित आवळली जाते, तेव्हाही नेमके हेच घडते. नेम बिघडल्याचा दोष मालक स्वतःच्या हाताला देत बसतो आणि अडचण मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांत दडलेली असते.

नळी पिळून बसवण्याचा आणखी एक परिणाम डोळ्यांना थेट दिसतो. नळीच्या टोकावरच्या उंचवट्याला आपल्याकडे ‘माशी’ असा जुना शब्द आहे. नळी शेवटच्या फेऱ्यात थोडी कमी किंवा जास्त फिरली, की ही माशी एका बाजूला झुकते. झुकाव केवळ दोन अंशांचा असेल आणि माशीचे टोक नळीच्या अक्षापासून 15 मिलिमीटर उंच असेल, तर ते सुमारे अर्धा मिलिमीटर बाजूला सरकते. माशी आणि नेम धरताना ती जिच्यातून पाहतात ती मागची खाच यांच्यातले अंतर 165 मिलिमीटर धरले, तर 25 मीटरवर या अर्ध्या मिलिमीटरचे जवळजवळ आठ सेंटिमीटर होतात. माशी उजवीकडे झुकली असेल, तर तिला खाचेच्या मध्यावर आणताना नळीचे टोक नकळत डावीकडे वळते आणि गोळी डावीकडे लागते. जुन्या घाटात मागची खाच चौकटीच्या माथ्यावरच कोरलेली असल्याने तिला हलवता येत नाही. नळीच योग्य अंशात फिरवून घ्यावी लागते.

उंचीचा हिशेब त्याहून मजेदार आहे. गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच, सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात, धक्क्याने रिव्हॉल्व्हरचे तोंड वर उचलले जाऊ लागते. म्हणून नेम धरताना नळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या खाली रोखलेली असावी लागते, आणि त्यासाठीच माशी खाचेपेक्षा बरीच उंच ठेवतात. याचा एक उलटा वाटणारा परिणाम असा, की जड आणि संथ गोळी नळीत अधिक काळ राहत असल्यामुळे जवळच्या अंतरावर हलक्या, वेगवान गोळीपेक्षा वर लागते. तेव्हा माशीला कानस लावण्याआधी आपण कोणती गोळी वापरणार हे ठरलेले असले पाहिजे.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. चूक गुणिले दोन्ही साइटमधले, म्हणजे माशी आणि खाच यांच्यातले, अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. 25 मीटरवर गोळ्या 100 मिलिमीटर खाली लागत असतील, तर माशी 0.66 मिलिमीटरने कमी करायची. ‘खाली लागते म्हणून माशी घासायची’ हे ऐकायला विचित्र वाटते, पण माशी बुटकी झाली की तिला पूर्वीच्या रेषेत आणण्यासाठी नळीचे टोक वर उचलावे लागते. एका गोळीवरून काहीच ठरवू नये. टेकूवरून पाच-पाच गोळ्यांचे दोनतीन गट झाडून त्यांचा मध्य काढावा, मग हिशेबाच्या निम्मेच घासून पुन्हा तपासावे. घासलेले पोलाद परत चिकटवता येत नाही.

स्थिर साइटचा हा जाच ज्यांना नको होता, त्यांच्यासाठी रूगर कंपनीने 1955 मध्ये ‘ब्लॅकहॉक’ आणले. बाहेरून जुना घाट, पण मागची साइट स्क्रूने वरखाली आणि डावीउजवीकडे सरकवता येणारी. माझ्या मते नव्या मालकाने करण्याजोगी सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, पण ती चांगली का दिसते हे पाहण्यासाठी शस्त्र सोडून डोळ्याकडे वळावे लागते.

खाच, माशी आणि लक्ष्य या तीन अंतरांवरच्या वस्तू आहेत आणि डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट प्रतिमा पाडते. नेमबाज माशी स्पष्ट ठेवतात आणि बाकी दोन धूसर होऊ देतात, कारण माशीची मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूकसुद्धा 25 मीटरवर दीड सेंटिमीटर होते, तर लक्ष्याचा धूसर मध्य डोळा बऱ्यापैकी अचूक शोधतो. चाळिशीनंतर माशीही धूसर होऊ लागते. जुन्या रिव्हॉल्व्हरच्या माशीची बारीक गोलसर पात आणि खाचेचा अरुंद चर अशा डोळ्यांना फारसे काही सांगत नाहीत. चौकोनी माशी आणि चौकोनी खाच मात्र उपयोगी पडते, कारण दोन सरळ कडांमधल्या प्रकाशाच्या पट्ट्यांची तुलना करण्यात डोळा तरबेज असतो. डोळ्यापासून 80 सेंटिमीटरवर 3.2 मिलिमीटर रुंद माशी असेल, तर तिच्या अलीकडची सुमारे अडीच मिलिमीटरची खाच ती पूर्ण भरून टाकते. खाच तीन मिलिमीटरची केली की दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसते. अशी खाच रुंद करून घेणे हा लाल ठिपक्याच्या महागड्या साइटपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

अंधारासाठी ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या किरणोत्सारी प्रकाराच्या) कुप्या मिळतात. ट्रिटियममधून निघणारे इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात की कुपीची काच त्यांना अडवते. आतल्या लेपाला मात्र ते उजळवतात. त्याचा अर्धायुकाळ 12.3 वर्षे आहे, त्यामुळे पंचवीस वर्षांनी उजेड जेमतेम चौथाई उरतो. दिवसा चमकणारा रंगीत तंतू वेगळ्या तत्त्वावर चालतो: सबंध लांबीवर पडलेला प्रकाश त्यातले रंगद्रव्य शोषून पुन्हा बाहेर टाकते आणि आतल्या परावर्तनांनी त्यातला बराचसा टोकाशी येतो.

मात्र चकाकणारे सारेच उपयोगाचे नसते. कानस फिरवलेल्या माशीचे टोक उघड्या पोलादाने लखलखते. ऊन एका बाजूने आले की तीच बाजू ठळक दिसते, डोळा उजळ कडेलाच मध्य समजतो आणि नेम सरकतो. म्हणून ते टोक रसायनाने काळे करतात. जुने नेमबाज त्यापेक्षा सोपे काम करीत: माशी क्षणभर ज्योतीवर धरून तिच्यावर काजळी धरीत, आणि स्पर्धा संपली की फडक्याने पुसून टाकीत.