बार्शी रोड ते कुर्डुवाडी जंक्शन

सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचं ठिकाण माढा, पण तालुक्यातलं मोठं गाव कुर्डुवाडी. याचं कारण रेल्वे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीने पुण्याहून दक्षिणेकडे टाकलेली लाइन १८५९ साली इथवर पोचली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला गेली. तेव्हा या स्टेशनला स्वतःचं नावही नव्हतं. पाटीवर होतं ‘बार्शी रोड’, म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथे उतरा. बार्शी ही त्या काळातली कापसाची मोठी पेठ, आणि ती रुळांपासून सुमारे ३५ किलोमीटर बाजूला राहिली होती. दक्षिणेला पंढरपूरही असंच पन्नासेक किलोमीटरवर राहिलं. मुंबई-मद्रास मुख्य लाइनसाठी भीमेच्या खोऱ्यातली वाट सोयीची होती. या दोन्ही गावांसाठी ती वाकवावी असं कंपनीला वाटलं नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं बार्शीचा कापूस बैलगाडीने या स्टेशनावर येत राहिला.

कुर्डुवाडीचा खरा इतिहास मला या मुख्य लाइनपेक्षा तिच्या दोन बाजूंना फुटलेल्या फाट्यांत दिसतो. तो सुरू होतो एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरपासून. १८८२ साली तो जीआयपीत नोकरीला आला. आडबाजूच्या पेठांना मोठी लाइन परवडत नाही, तिथे लहान रूळ टाका, हे त्याचं म्हणणं होतं आणि त्यासाठी तो वर्षानुवर्षं झगडला. अखेर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावू लागली. दोन रुळांत अंतर अडीच फूट. मोठ्या लाइनीत ते साडेपाच फूट असतं.

छोटी लाइन म्हणजे मोठीची स्वस्त नक्कल, असा तोवर अनेकांचा समज होता. कॅलथ्रॉपचा हिशोब वेगळा होता. इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण म्हणजे मालडबा, कुठल्याही एका आसावर (चाकांची जोडी ज्यावर बसते त्या दांड्यावर) पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा त्याचा नियम. भार सगळीकडे सारखा वाटला गेला की गजाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोचे हलके रूळही टिकतात. इंजिनाचं वजन वाटण्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिनं बनवून घेतली. वाघिणी दाबीव पोलादी सांगाड्याच्या होत्या आणि एकेकीत पंधरा टन माल मावायचा. हे सगळं हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून जाणकारांना चालवून दाखवलं होतं. याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. आपल्या भागात त्याचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खंत वाटते.

पुढे लाइन वाढत गेली. १९०६ साली दुसऱ्या बाजूने पंढरपूर जोडलं गेलं. बार्शीच्या पुढे निजामाच्या मुलखात शिरून १९११ साली ती लातूरला पोचली, आणि १९२७ साली पंढरपुराहून मिरजेला. एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे ३२५ किलोमीटर. लोक तिला नुसतं ‘बार्शी लाइट’ म्हणत. १ जानेवारी १९५४ ला ती सरकारने ताब्यात घेतली.

या सगळ्याच्या मध्यावर कुर्डुवाडी होती, आणि इथे मोठी लाइन व छोटी लाइन एकमेकींना भिडत असल्या तरी जुळत नव्हत्या. लातूर-बार्शीकडून आलेलं धान्य, कापूस, जे काही मुंबईला जायचं ते छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरावं लागे. मुंबईकडून येणाऱ्या मालाचीही तीच गत. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून जायचं. व्यापाऱ्याला यात वेळ आणि पैसा जायचा, पण गावाची चूल त्यावर पेटायची. त्यात छोट्या लाइनीची इंजिनं आणि डबे दुरुस्त करणारा कारखाना इथेच, म्हणजे फिटर, लोहार, सुतार यांची वस्ती आली. यात्रेच्या दिवसांत तर मुंबई-पुण्याकडचे वारकरी इथे उतरून पंढरपूरच्या गाडीसाठी गर्दी करत. डबे अपुरे पडले की मालाच्या वाघिणींतूनही माणसं नेली जात.

रुंदीकरणाची, म्हणजे छोटी लाइन मोठी करण्याची मागणी जुनी होती, पण काम सुरू व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. आधी कुर्डुवाडी-पंढरपूर झालं, २००८ पर्यंत लातूर बाजू पूर्ण झाली आणि नंतर पंढरपूर-मिरज. या कामात एक जुना अन्यायही दूर झाला. छोटी लाइन येडशीवरून जायची आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असूनही रेल्वेविना होतं. नवी लाइन शहरापर्यंत नेली गेली.

रुंदीकरणाचं मोल एप्रिल २०१६ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. ११ एप्रिलला मिरजेहून दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत सुमारे ३४० किलोमीटरवरच्या लातूरला पोचली. पुढे एका खेपेला पन्नास टाक्या जाऊ लागल्या. एका टाकीत नुसतं पाणीच ५० टन. छोट्या लाइनीच्या चार आसांच्या वाघिणीचं तर मालासकट वजन २० टनांवर जाऊ शकत नव्हतं. त्या रुळांवरून शहराची तहान भागली नसती, हे बार्शी लाइटवर माया असणाऱ्यांनीही मान्य करायला हवं.

गावाने मात्र किंमत मोजली. माल उतरवायचं कारण संपलं, गाडी बदलायचं कारणही बरंचसं संपलं. मुंबईची लातूर एक्सप्रेस आता थेट बार्शी, धाराशिव करत जाते. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस मिरजेकडून येऊन लातूरकडे निघून जाते. स्थानिकांसाठी सिद्धेश्वर आणि हुतात्मा या रोजच्या कामाच्या गाड्या. पहिली रात्रीत मुंबईला पोचवते, दुसरी सकाळी पुण्याला. कारखाना टिकून आहे, आणि माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामं तिथे होत आली आहेत. आषाढीला नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळहून पंढरपूरसाठी ज्यादा गाड्या सुटतात. त्या मुख्य लाइन सोडून पंढरपूरच्या रुळांवर वळतात त्या कुर्डुवाडीलाच.