हेलिकोबॅक्टर पायलोरी संसर्ग : बालके व किशोरवयीनांमधील प्रमाण

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सर्पिल जीवाणू जठराच्या आतील श्लेष्मल थरात राहतो. लागण बहुधा बालपणातच, त्यातही पहिल्या पाच-सहा वर्षांत होते आणि उपचाराविना सहसा जन्मभर टिकते. अगदी लहान वयातली लागण मात्र काही वेळा आपोआप नाहीशी होते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात मुलांमधील एकूण प्रमाण ३२.३ टक्के आढळले. वयानुसार ते चढत जाते : ६ वर्षांपर्यंत २६, ७ ते १२ वर्षांत ३३.९ आणि १३ ते १८ वर्षांत ४१.६ टक्के. श्रीमंत देशांत २१.७, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ४३.२ टक्के. प्रौढांमधील मोठा आकडा पाहून मोठेपणी लागण वाढते असे समजणे चूक ठरेल. तो बराचसा त्यांच्या बालपणीच्या परिस्थितीचा हिशेब असतो. दाटीवाटीचे घर, एकाच अंथरुणात अनेकांनी झोपणे, अस्वच्छ पाणी आणि लागण झालेली आई किंवा भावंडे ही धोका वाढवणारी मुख्य कारणे. प्रसार उलटी, लाळ वा विष्ठेवाटे होतो.

कोणतीही टक्केवारी वाचताना आधी चाचणी कोणती, हे पाहावे. रक्तातील प्रतिपिंडे (जीवाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) जीवाणू गेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात, म्हणून जुनी लागण चालू भासते. उलट लहान मुलांत ती पुरेशी तयारच होत नाहीत, म्हणून खरी लागण सुटते. युरिया श्वासचाचणी आणि मलातील प्रतिजन (जीवाणूचे अंश) शोधणारी चाचणी चालू संसर्ग दाखवतात. श्वासचाचणीत मुलाला कार्बन-१३ (कार्बनचा वेगळा ओळखू येणारा प्रकार) युक्त युरिया पाजतात. जीवाणूचे युरिएज विकर (एन्झाइम) तो युरिया फोडते आणि कार्बन-१३ उच्छ्वासात येतो. सहा वर्षांखालील मुलांत ही चाचणी कमी भरवशाची, कारण द्रावण तोंडात रेंगाळले तर तिथले जीवाणूही युरिया फोडतात. जठरातील आम्ल कमी करणारी प्रोटॉन पंप रोधक औषधे २ आणि प्रतिजैविके ४ आठवडे आधी बंद नसतील, तर लागण असूनही निष्कर्ष ‘नाही’ असा येऊ शकतो.

बहुतेक मुलांना काहीच त्रास होत नाही. जठराचा दाह सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, व्रण थोड्यांनाच होतो. नुसत्या पोटदुखीसाठी ही चाचणी करू नये, असे बालपचनविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलांमध्ये निदान एन्डोस्कोपीत (तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) घेतलेल्या ऊतींच्या तुकड्यांवरून करतात. उपचार साधारण १४ दिवसांचा. जीवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो ते पाहून औषधे निवडतात. जीवाणू गेला की नाही, याची तपासणी औषधे संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी करतात.