एका ड्रॉइंगचा प्रवास आणि सायबर सुरक्षेचे मूल्यांकन

सोलापूरचे नाव निघाले की चादरी, टॉवेल आणि अलीकडे गणवेश आठवतात; पण अक्कलकोट रस्ता आणि चिंचोली इथल्या औद्योगिक वसाहतींत संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी लेथ आणि व्हीएमसी यंत्रांवर सुटे भाग करून देणारे छोटे कारखानेही आहेत. अशा एखाद्या कारखान्याला पुण्याच्या निर्यातदाराकडून जॉबवर्क मिळते, निर्यातदाराचा ग्राहक अमेरिकेत असतो आणि त्या ग्राहकाचा ग्राहक अमेरिकेचे संरक्षण खाते निघते. मग ऑर्डरसोबत विचारणा येते की तुमची सीएमएमसी पातळी कोणती. गणवेशाच्या धंद्याला हा प्रश्न सहसा पडणार नाही, कारण मोजके अपवाद सोडता अमेरिकेचे सैन्य कपडे आणि कापड १९४१पासून चालत आलेल्या ‘बेरी दुरुस्ती’ या कायद्यानुसार आपल्याच देशात तयार झालेले घेते. हा प्रश्न लोखंड आणि ॲल्युमिनियम कापणाऱ्यांसमोर उभा राहतो, आणि तो नीट समजून घेतला नाही तर चांगले काम हातचे जाऊ शकते.

सीएमएमसी ही अमेरिकी संरक्षण खात्याची पुरवठादारांची सायबर सुरक्षा तपासण्याची पद्धत आहे. तिचा उगम विश्वासाच्या एका अडचणीत आहे. गोपनीय शिक्का नसलेली, पण उघडही करायची नसलेली माहिती, म्हणजे ड्रॉइंग, तपशीलपत्रे, चाचण्यांचे अहवाल, पुरवठादारांकडे असते. तिला ‘नियंत्रित अवर्गीकृत माहिती’ म्हणतात. ती कशी सांभाळावी याची नियमावली एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने २०१५ साली ८००-१७१ या क्रमांकाने प्रसिद्ध केली आणि पुरवठादारांनी ३१ डिसेंबर २०१७पर्यंत ती अमलात आणावी, असे ठरले. मात्र अंमलबजावणी झाली की नाही, हे पुरवठादारानेच सांगायचे होते. सांगणे आणि असणे यांतले अंतर लक्षात आल्यावर तपासणीची योजना आखली गेली. २०२०मधील पहिल्या आराखड्यात पाच पातळ्या होत्या, २०२१मध्ये त्या तीन झाल्या, मूळ नियम १६ डिसेंबर २०२४ रोजी लागू झाला आणि १० नोव्हेंबर २०२५पासून ही अट टप्प्याटप्प्याने करारांत येऊ लागली. पहिल्या टप्प्याचा भर स्वतःच करायच्या मूल्यांकनावर आहे. १० नोव्हेंबर २०२६पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्या पातळीसाठी अधिकृत त्रयस्थ संस्थेकडून तपासणी मागितली जाणार आहे. ही अट मुख्य ठेकेदारापाशी थांबत नाही, माहिती ज्या उपठेकेदाराकडे जाते त्याच्यापर्यंत ती उतरत येते. तांत्रिक ड्रॉइंग भारतात येण्यासाठी अमेरिकेच्या निर्यात नियमांनुसार लागणारी परवानगी हा वेगळा विषय आहे, आणि तो मूळ ग्राहकाशी लेखी स्पष्ट करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिल्या पातळीत पंधरा प्राथमिक अटी आहेत. दुसऱ्या पातळीत ८००-१७१ मधल्या सगळ्या, म्हणजे ११० अटी येतात आणि त्या चौदा गटांत विभागलेल्या आहेत. तिसरी पातळी मोजक्या कंपन्यांसाठी आहे. छोट्या कारखान्याचा कस लागतो तो दुसऱ्या पातळीवर.

अशी विचारणा आली की पहिला फोन बहुधा संगणक विकणाऱ्याला जातो, फायरवॉल आणि महागडे अँटिव्हायरस घेतले जाते आणि तयारी झाली असे वाटते. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. मूल्यांकनात खरेदीची पावती तपासत नाहीत. संवेदनशील माहिती कुठून येते, कुठे थांबते, कोणाच्या हातात जाते आणि शेवटी कुठे नष्ट होते, हे तुम्हाला माहीत आहे का, ते तपासतात. म्हणून तयारीचे पहिले काम एका ड्रॉइंगच्या मागे चालत जाणे हे आहे.

समजा, एका फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीसारख्या भागाचे, ड्रॉइंग ईमेलने आले. मालकाने ते मोबाइलवर उघडले आणि अंदाज घेण्यासाठी प्रोग्रामरला व्हॉट्सॲपवर पाठवले. प्रोग्रामरने ते डेस्कटॉपवर उतरवले, ड्रॉइंगवरून यंत्राच्या आज्ञा तयार करणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम केला आणि पेनड्राइव्हवरून यंत्राच्या कंट्रोलरमध्ये भरला. ऑपरेटरसाठी एक प्रिंट काढली. ती पारदर्शक पिशवीत घालून यंत्राच्या दारावर चिकटवली, कूलंटचे डाग पडल्यावर दुसरी काढली आणि पहिली रद्दीत गेली. क्वालिटीवाल्याने मापे घेताना ड्रॉइंगचा फोटो काढला. प्लेटिंगसाठी माल बाहेर गेला, तेव्हा सोबत एक झेरॉक्स गेली. महिन्याभराने एकाच ड्रॉइंगच्या दहाबारा प्रती वेगवेगळ्या ठिकाणी पडलेल्या असतात. त्यांतल्या संगणकावरच्या एका प्रतीभोवती फायरवॉल असली, तरी तिने उरलेल्या प्रतींचे रक्षण होत नाही.

हा प्रवास कागदावर उतरवला की व्याप्ती ठरवता येते, आणि खर्च कमी करण्याची खरी जागा हीच आहे. ज्या ज्या संगणकावर, फोनवर, सर्व्हरवर ही माहिती साठते, वापरली जाते किंवा ज्यावरून ती पुढे जाते, तो तो मूल्यांकनाच्या कक्षेत येतो. त्यामुळे संरक्षण खात्याच्या कामासाठी एक वेगळी खोली, दोन संगणक आणि बाकीच्या जाळ्यापासून (नेटवर्कपासून) अलग केलेली जोडणी ठेवली, तर हिशेब-बिले आणि इतर जॉबवर्क कक्षेबाहेर राहू शकते. सीएनसी यंत्रांचा प्रश्न अनेकांना घाबरवतो, कारण त्यांच्या कंट्रोलरमध्ये जुनी प्रणाली असते आणि तिच्यावर अँटिव्हायरस टाकता येत नाही. नियमांनी ही अडचण ओळखलेली आहे. अशी उत्पादन यंत्रे आणि चाचणी उपकरणे ‘विशेष मालमत्ता’ या गटात मोडतात. दुसऱ्या पातळीवर त्यांना सगळ्या ११० अटींच्या कसोटीवर घासत नाहीत, मात्र त्यांची नोंद यादीत, जाळ्याच्या आकृतीत आणि सुरक्षा आराखड्यात असलीच पाहिजे. यंत्रापर्यंत जाणारा पेनड्राइव्ह ठरलेला, क्रमांक घातलेला आणि नोंदवहीत सही करून दिला जाणारा असावा, हे त्यातूनच येते.

व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड असते, मग ते का चालत नाही, असे कारखानदार विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर सोपे आहे: संदेश वाटेत कुलूपबंद असला तरी पोहोचल्यावर फाइल फोनमध्ये उघडी पडते आणि ती पुढे कुठे गेली, यावर कारखान्याचा ताबा राहत नाही. दुसरे उत्तर विज्ञानाचे आहे. अशी माहिती सांभाळण्यासाठी वापरलेली कूटलेखन (एन्क्रिप्शन) प्रणाली फिप्स या अमेरिकी सरकारी मानकानुसार प्रमाणित असावी, असा नियम आहे. एईएस ही कूटलेखनाची रीत २००१पासून अमेरिकेचे मानक आहे आणि तिचे गणित कोणालाही वाचता येते; पण गणित बरोबर असूनही ते संगणकात उतरवताना चूक होऊ शकते. २००६मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीतील ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा बदल झाला आणि गुप्त किल्ल्या तयार करण्यासाठी लागणारी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न बांधता येणारे अंक, जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या, ज्या साधा संगणकही पटापट तपासून पाहू शकतो. हे २००८च्या मे महिन्यात उघडकीला येईपर्यंत वापरणाऱ्याला कुलूप भक्कमच दिसत होते. प्रमाणनात प्रयोगशाळा नेमका तो सॉफ्टवेअर भाग तपासते, ठरावीक माहिती देऊन ठरावीक उत्तर येते का ते पाहते, आणि यादृच्छिक अंक कुठून येतात तेही तपासते. म्हणून नुसते ‘एन्क्रिप्टेड’ हे उत्तर मूल्यांकनात पुरत नाही.

दुहेरी ओळख तपासणीचेही तसेच आहे. पासवर्डनंतर मोबाइलवरच्या ॲपमध्ये जो सहा अंकी आकडा दिसतो, तो सहसा इंटरनेटवरून येत नाही. नोंदणीच्या वेळी फोन आणि सर्व्हर यांच्यात एक गुप्त संख्या ठरते. पुढे दोघेही ती संख्या आणि चालू वेळ यांच्यावर एकच गणित करतात आणि साधारणपणे दर तीस सेकंदांनी नवा आकडा काढतात. दोन्हींकडची घड्याळे जुळलेली असतील तरच उत्तर जुळते. ८००-१७१ मध्ये संगणकांची घड्याळे अधिकृत स्रोताशी जुळवण्याची वेगळी अट आहे, आणि तिला आणखी मोठे कारण आहे. प्रोग्रामरचा संगणक सात मिनिटे पुढे आणि सर्व्हर बरोबर चालत असेल, तर घुसखोरीनंतर नोंदी लावून पाहताना फाइल संगणकावर उघडण्याआधीच सर्व्हरवरून बाहेर गेलेली दिसते. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत हेच सांगितले आहे: घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जोडावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात. हे निर्देश संरक्षण क्षेत्राबाहेरच्या कंपन्यांनाही लागू आहेत, त्यामुळे अमेरिकेचे काम न करणाऱ्या कारखान्यानेही एवढे तरी लगेच करावे.

प्रत्यक्ष मूल्यांकन तीन वाटांनी होते: कागदपत्रे पाहणे, माणसांशी बोलणे आणि करून दाखवायला सांगणे. ११० अटींचे मिळून ३२० तपासणी-मुद्दे आहेत आणि अटीतला एक मुद्दा जरी सुटला तरी ती अट अपूर्ण धरली जाते. ‘प्रवेश फक्त अधिकृत वापरकर्त्यांना’ या साध्या वाटणाऱ्या अटीत सहा मुद्दे आहेत. त्यांतले पहिले तीन म्हणजे अधिकृत माणसे, त्यांच्या वतीने चालणाऱ्या प्रक्रिया आणि उपकरणे यांची निश्चिती. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या मुलाचे लॉगिन अजून चालू असेल, तर ‘आम्ही सगळ्यांना पासवर्ड दिले आहेत’ या उत्तराचा उपयोग होत नाही.

माणसांशी बोलण्याची वाट सोलापुरात विशेष काळजीची आहे. इथल्या शेडमध्ये मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे कामगार शेजारीशेजारी उभे असतात, आणि सल्लागाराने दिलेले धोरण इंग्रजीत, चाळीस पानांचे असते. मूल्यांकन करणारा ऑपरेटरला विचारू शकतो की अनोळखी पेनड्राइव्ह सापडला तर तुम्ही काय कराल. त्याचे उत्तर ऑपरेटरच्या भाषेतल्या एका पानात, शिफ्ट सुरू होताना त्याला समजावून सांगितलेले असेल, तरच ते त्याच्या तोंडून सहज येईल. मला हे पान फायरवॉलपेक्षा आधी तयार व्हावे असे वाटते.

गुणांची रीतही समजून घेण्यासारखी आहे. ११० गुणांपासून सुरुवात होते आणि न पाळलेल्या अटीचे वजन पाहून पाच, तीन किंवा एक गुण कापला जातो, त्यामुळे गुण उणे २०३पर्यंत जाऊ शकतात. सुरक्षा आराखडाच नसेल, तर गुण मोजताच येत नाहीत. दुसऱ्या पातळीवर निदान ८८ गुण असतील, तर सशर्त दर्जा मिळतो आणि उरलेले काम १८० दिवसांत पुरे करावे लागते. मात्र पुढे ढकलण्याची मुभा बहुतेक एक गुणाच्या अटींनाच आहे, आणि त्यांतल्याही काही वगळलेल्या आहेत: पाहुण्यासोबत माणूस असणे, ये-जा नोंदवणे आणि दारांच्या किल्ल्यांवर ताबा ठेवणे ही कामे पहिल्या दिवशीच झालेली असावी लागतात. फाटकावरच्या वहीत ‘पार्टी’ एवढेच लिहून आत सोडण्याची सवय असलेल्या ठिकाणी हा बदल आधी करावा, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. दरवर्षी कंपनीच्या जबाबदार व्यक्तीला अटी पाळल्या जात असल्याचे लेखी जाहीर करावे लागते, आणि खोट्या दाव्यांविरुद्धच्या कायद्याखाली अमेरिकेच्या न्याय खात्याने २०२१पासून अशा निवेदनांची प्रकरणे हाती घेतलेली आहेत.

एका गोष्टीची तयारी मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते. संगणकात व्हायरस शिरला की दुरुस्तीवाल्याला बोलवायचे, तो तासाभरात मशीन फॉरमॅट करून देतो आणि काम पुन्हा सुरू होते. अमेरिकी करारानुसार अशी घटना ७२ तासांत कळवावी लागते आणि बाधित यंत्राची हुबेहूब प्रत निदान ९० दिवस जपावी लागते. सर्ट-इनची मुदत तर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांची आहे. फॉरमॅट केल्यावर घुसखोर कुठून आला आणि काय घेऊन गेला, हे सांगणारा पुरावाच पुसला जातो. म्हणून संगणकाची जाळ्याची जोडणी तोडावी, कोणाला फोन करायचा ते क्रमांक भिंतीवर लावलेले असावेत, आणि काहीही दुरुस्त करण्याआधी डिस्कची पूर्ण प्रत काढून तिचा एसएचए-२५६ हॅश नोंदवून ठेवावा. हा हॅश म्हणजे त्या साऱ्या माहितीवर गणित करून निघालेली चौसष्ट चिन्हांची खूण असते. प्रतीमधला एक बिट जरी नंतर बदलला, तरी पुन्हा काढलेली खूण पूर्णपणे वेगळी येते आणि प्रतीला हात लागला आहे हे कोणालाही पडताळून पाहता येते.